‘सियासत अपना काम नहीं’ : एका नावडीचा इतिहास

‘सियासत अपना काम नहीं.’ मराठवाड्यातल्या मुस्लीम घरात वाढलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. मुलगा कॉलेजात एखाद्या संघटनेच्या बैठकीला जाऊन आला, मोर्चात दिसला किंवा गल्लीतल्या पाण्याच्या प्रश्नावर नगरपालिकेत जाऊन दोन शब्द बोलला, की घरातली वडीलधारी माणसं हेच सांगतात. शिका, धंदा करा, नमाज-रोजा सांभाळा, मतदान आलं की गुपचूप करून या. त्यापुढे जाऊ नका.

राजकारणाची नावड फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. मराठी मध्यमवर्गही ‘राजकारण म्हणजे गटार’ असं सहज म्हणून जातो. पण या दोन नावडींत फरक आहे. शहरातल्या सुस्थितीतल्या माणसाला राजकारणाची किळस येते, कारण त्याची बरीचशी कामं राजकारणाशिवाय होतात. त्याच्या वस्तीत रस्ता असतो, मुलांना शाळा असते, पोलीस ठाण्यात गेल्यावर खुर्ची मिळते. आपल्या घरातल्या नावडीत किळस कमी आणि धास्ती जास्त आहे. ही धास्ती कुठून आली, हे इतिहासात शोधावं लागतं.

‘राजकारणापासून दूर राहा’ हा सल्ला मुसलमानांना ठळकपणे दिला गेला तो १८८७ मध्ये. देणारे होते सर सय्यद अहमद खान. सल्ला देणाऱ्याची पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. १८५७ च्या उठावात ते बिजनौरला कंपनी सरकारच्या नोकरीत होते. उठाव मोडल्यावर दिल्लीतल्या मुस्लीम मोहल्ल्यांची काय दशा झाली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या आईचे हाल झाले आणि त्यातच ती गेली. पुन्हा सरकारच्या डोळ्यावर येणं या समाजाला परवडणार नाही, आधी इंग्रजी शिक्षण घेऊ, मग बाकीचं बघू, हा त्यांचा हिशेब या अनुभवातून आलेला होता. १८७५ मध्ये अलीगढला त्यांनी जी संस्था उभी केली, तिच्यामागेही हाच विचार होता.

काँग्रेस १८८५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पहिल्या अधिवेशनाला ७२ प्रतिनिधी होते. त्यात मुसलमान फक्त दोन. १८८७ च्या डिसेंबरमध्ये मद्रासला तिसरं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी. काँग्रेसचे हे पहिले मुस्लीम अध्यक्ष. आणि नेमक्या त्याच दिवसांत, २८ डिसेंबरला, लखनौमध्ये सर सय्यद भाषण देत होते. काँग्रेस मागत असलेल्या निवडणुका आणि स्पर्धा परीक्षा मुसलमानांच्या हिताच्या नाहीत, संख्येच्या आणि शिक्षणाच्या जोरावर दुसरेच पुढे जातील, म्हणून या चळवळीत पडू नका, असा त्यांचा रोख होता.

एकाच आठवड्यात दोन शहरांत दोन मुसलमान एकाच समाजाला दोन वेगळे रस्ते दाखवत होते. आपल्या घरांपर्यंत त्यातला एकच पोहोचला.

तय्यबजी हे काही हवेत बोलणारे गृहस्थ नव्हते. १८६७ पासून ते मुंबई हायकोर्टात वकिली करत होते. १८७४ मध्ये थोरले बंधू कमरुद्दीन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. त्या संस्थेची शाळा आजही मुंबईत सीएसएमटी स्टेशनसमोर आहे. म्हणजे शिक्षणाचं महत्त्व त्यांना अलीगढकडून शिकायचं नव्हतं. त्यांना मान्य नव्हतं ते ‘आधी शिक्षण, मग राजकारण’ हे गणित. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान असं त्रिकूट मुंबईच्या सार्वजनिक जीवनात काम करत होतं. या तिघांनीच १८८५ च्या जानेवारीत बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली.

१८८८ मध्ये तय्यबजी आणि सर सय्यद यांच्यात पत्रव्यवहार झाला. तय्यबजींचं म्हणणं थोडक्यात असं : एखादा ठराव मुसलमानांना अपायकारक वाटत असेल, तर बाहेर राहून तो थांबणार नाही. आत या, विरोध करा आणि तो ठराव पाडा. सर सय्यदांना हे पटलं नाही; या देशातल्या सगळ्यांचं मिळून एक राष्ट्र आहे, ही काँग्रेसची धारणाच त्यांना मान्य नव्हती. पण तय्यबजींचा आग्रह वाया गेला नाही. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने नियम केला, की हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने वा जवळपास एकमताने विरोध असेल तो विषय चर्चेला घ्यायचा नाही. संख्येने कमी असलेल्या गटाला मिळालेलं हे केवढं मोठं संरक्षण होतं! आणि ते मिळालं, ते आत बसून अटी घालणाऱ्या माणसामुळे.

तय्यबजींचा मार्ग सरळसोट मात्र नव्हता. समाजातला विरोध वाढत चालला, तेव्हा १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनीच ह्यूम यांना पत्र लिहून निदान पाच वर्षं काँग्रेसची अधिवेशनं थांबवावीत असं सुचवलं होतं. समाजाला मागे टाकून एकट्याने पुढे जाण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता. पुढे १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारला गेलेला जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती हेच बदरुद्दीन तय्यबजी.

दुसरीकडे, ‘राजकारणात पडू नका’ म्हणणारे सर सय्यद स्वतः राजकारणाबाहेर होते का? १८७८ पासून काही वर्षं ते व्हाइसरॉयच्या विधिमंडळाचे सदस्य होते. १८८८ मध्ये काँग्रेसला विरोध करण्यासाठी त्यांनी युनायटेड इंडियन पॅट्रिऑटिक असोसिएशन काढली. एवढंच नाही, १८५७ च्या उठावाची कारणं सांगणाऱ्या आपल्या पुस्तकात त्यांनीच लिहिलं होतं, की कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी माणूस नव्हता, सरकारला लोकांचं मन कळत नव्हतं, हे उठावाचं मूळ होतं. म्हणजे प्रतिनिधित्व नसेल तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ‘दूर राहा’ हा सल्ला बहुधा सामान्य माणसासाठी असतो. देणारा स्वतः दूर नसतो.

हा झाला उत्तरेचा आणि मुंबईचा इतिहास. मराठवाड्याची धास्ती वेगळी आहे. तिला ६१ वर्षांनंतरचं एक निमित्त आहे. आमच्याकडची जुनी माणसं त्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात.

१९४७ नंतर हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रं लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या हाती होती. त्याच्या रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार खरे आहेत. ते झाकायचं काही कारण नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. त्यानंतर जे घडलं, ते मात्र शाळेच्या पुस्तकात आलं नाही. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचं पथक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरलं. अगदी सावध अंदाजानेही २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असं त्यांनी नोंदवलं. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. जीव धोक्यात घालून मुस्लीम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

रझवी तुरुंगातून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. किंमत मोजली ती गावात राहिलेल्यांनी. त्यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. ‘सियासत अपना काम नहीं’ हे वाक्य मराठवाड्यात इतकं खोल रुजलं ते या घटनेमुळे. दुसऱ्याने केलेल्या राजकारणाची शिक्षा आपल्याला झाली, हा त्या वाक्याचा अर्थ आहे. ते बोलणाऱ्या आजोबांना मी भित्रे म्हणणार नाही.

पण त्याच हैदराबादेत, त्याच वर्षी आणखी एक मुसलमान होता. शोएबुल्लाह खान. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावं, रझाकारांना आवरावं, असं तो उघडपणे लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या, लिहिणारा हात तोडला. तिशीही न गाठलेला हा तरुण गेला, तेव्हा फौजा यायला महिनासुद्धा उरला नव्हता. मखदूम मोहिउद्दीनसारखा शायर कम्युनिस्टांबरोबर निजामाच्या सरंजामशाहीविरुद्ध उभा होता, तोही याच काळात. हैदराबादचा मुसलमान म्हणजे रझाकार, हे चित्र आपल्या विरोधकांनी रंगवलं. पण शोएबुल्लाहचं नाव आपल्या मुलांना न सांगून त्या चित्राला हातभार आपणही लावला.

रझवी लक्षात ठेवला आणि शोएबुल्लाह विसरलो, तर राजकारणाची भीतीच वाटणार. सर सय्यदांचा इशारा लक्षात ठेवला आणि तय्यबजींचं उत्तर विसरलो, तर बाहेर राहणं शहाणपणाचं वाटणार.

मला अनेकदा विचारतात, तुम्ही कोणत्या पक्षाचे? मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही आणि कुणी असेल तर त्यात मला वावगं दिसत नाही. पक्ष निवडणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ‘मुसलमानांचा पक्ष’ असा एकच असला पाहिजे, हेही मला पटत नाही. तय्यबजी काँग्रेसचे होते, मखदूम कम्युनिस्ट होते, युसूफ मेहरअली समाजवादी होते. तिघांचा मार्ग वेगळा, पण आपण कुणाचे आहोत हे सांगताना त्यांची जीभ अडखळली नाही. आज मात्र आपल्याकडे पक्ष निवडला जातो तो कुणाला पाडायचं यावरून. निवडणुकीच्या दोन दिवस आधी कुणीतरी ‘जिंकणारा’ उमेदवार सांगतो, सगळे बटण दाबून येतात आणि पुढची पाच वर्षं कुणी कुणाला काही विचारत नाही. याला भागीदारी म्हणता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. २०२४ मध्ये विधानसभेच्या २८८ जागांवर निवडून आले १०. पक्षांनी उमेदवारी दिली नाही, ही तक्रार खरी आहे. पण उमेदवारी कुणाला द्यायची हे पक्षाच्या ज्या बैठकीत ठरतं, त्या बैठकीत आपण का नव्हतो? प्रभागाच्या सभेत, शाळा व्यवस्थापन समितीत, बाजार समितीत, विद्यार्थी संघटनेत आपली किती पोरं आहेत? मुलींचं तर विचारायलाच नको.

आजोबांचं वाक्य अनुभवातून आलेलं होतं, म्हणून त्याचा मान ठेवावा. पण ते नातवाला सांगताना पूर्ण गोष्ट सांगावी. १९४८ मध्ये जे मारले गेले, त्यातले बहुतेक लोक राजकारणात नव्हतेच. दूर राहून ते वाचले नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी घरातली पोरगी किंवा पोरगा एखाद्या बैठकीला निघाला, तर ‘जाऊ नको’ म्हणण्याआधी एवढंच विचारा : तिथे जाऊन काय बोलणार आहेस?