क्रमांकांची वसाहत आणि रस्त्याकाठची शिल्पे

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीमागोमाग वाढणाऱ्या नोकरदार व कामगार वर्गासाठी 'नवीन औरंगाबाद' वसविण्याचे काम राज्य शासनाने १९७२ मध्ये सिडकोकडे, म्हणजे १९७० साली स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाकडे सोपविले. या आखणीमागे आधुनिकतावादी नगररचनेचा, म्हणजे निवास, बाजार, रहदारी व मोकळी जागा स्वतंत्रपणे मांडून अलंकरणाला फाटा देणाऱ्या विचाराचा, प्रभाव होता. विभागांना नावांऐवजी क्रमांक मिळाले आणि रहिवासी आजही पत्ता सांगताना 'एन-सहा', 'एन-नऊ' असेच म्हणतात. याच विचारातून १९५७ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या बर्लिनच्या हान्साफिएर्टेल वसाहतीत हिरवळीतल्या पायवाटांलगत शिल्पेही आली. सिडकोच्या बैठ्या घरांपुढे मात्र आली ती रहिवाशांनी आपापल्या पैशाने बांधलेली तुळशीवृंदावने, आणि त्यांना कला न मानणे हा अभ्यासकांचा कोतेपणा होय.

जुन्या शहरात वाटेवरची वास्तू केवळ शोभेची नसे. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, भडकल दरवाजा विजयस्मारक म्हणून उभा राहिला. नहरींच्या, म्हणजे दूरचे पाणी उताराने शहरात आणणाऱ्या भूमिगत जलवाहिन्यांच्या, मार्गावर कोंडलेली हवा सोडण्यासाठी मनोरे बांधले गेले. पाणचक्कीत हेच पाणी दाबाने उंच भिंतीवर चढते, तेथून हौदात कोसळते आणि जाते चालविणारे चक्र फिरविते. पाहणाऱ्याला धबधबा दिसतो, यंत्रणा मात्र भिंतीच्या पोटात राहते.

नव्या शहरात वाटेवरच्या अशा वास्तूंची जागा चौकांतील पुतळ्यांनी घेतली, आणि त्यांचे माप पादचाऱ्याच्या नव्हे, तर वाहनाच्या नजरेने ठरू लागले. जालना रस्त्यावरील क्रांती चौकात उड्डाणपूल झाल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा जुना पुतळा ठेंगणा दिसू लागला, म्हणून उंची वाढविण्याची मागणी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनावरण झालेला नवा अश्वारूढ पुतळा २१ फुटांचा असून चौथऱ्यासह ५२ फूट उंच आहे. त्याच्या मुद्रेतले बारकावे पायी जाणाऱ्याला मान उंचावूनही नीट दिसत नाहीत, ही या उंचीची किंमत होय.

सिडकोने २००६ मध्ये आपली वसाहत महानगरपालिकेकडे हस्तांतरित केली. तेव्हापासून एन-विभागांतील उद्याने व चौक आणि जुन्या शहरातील दरवाजे यांची देखभाल एकाच तिजोरीवर पडली आहे. स्मार्ट सिटी योजनेतून डागडुजी झाली ती दरवाजांची.