प्रकाश आत घेणारे बांधकाम साहित्य

काच, फायबरचे पत्रे, पॉलिकार्बोनेट यांतून छतावाटे उजेड मिळतो. पण बीड जिल्ह्याच्या उन्हात त्यांचा खरा कस उष्णतेवर लागतो. इथल्या जुन्या माळवदाच्या घरांत छतातल्या लहानशा साण्यातून, म्हणजे झरोक्यातून, चुलीपुरता उजेड येई, धूर बाहेर जाई आणि जाड मातीचे छत बाकीचे ऊन अडवी. आज पत्र्याच्या घरात उजेडाचे काम फायबरचा एखादा पत्रा करतो; मात्र उन्हाने तो पिवळट पडतो, त्यातले तंतू उघडे होतात. पॉलिकार्बोनेट महाग, हा आक्षेप खरा. पण 2014 मध्ये मराठवाड्याने गारपीट सोसली आहे आणि गारांचा मार ते काचेपेक्षा चांगला झेलते. अतिनील किरण रोखणारी बाजू मात्र वरच हवी. उजेडासाठी छताच्या उत्तर उतारावरची अरुंद पारदर्शक पट्टी पुरते. अख्खे छत पारदर्शक केले तर खोलीची भट्टी होते.