गप्पागोष्टीतले गाव

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शेतकऱ्यांसाठीच्या ‘आमची माती आमची माणसं’ या त्याच्या कार्यक्रमातील ‘गप्पागोष्टी’ जुन्या माणसांच्या ओठांवर आजही आहेत. राजा मयेकर, माया गुजर ही नावे निघाली की चेहरे खुलतात. शेतीचे रुक्ष विषय थट्टामस्करीतून गळी उतरवणे ही लहान कामगिरी नव्हे.

परंतु हे हास्य कोणाच्या दारात पोचले? १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा प्रयोग झाला. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मुंबईचे कार्यक्रम आधी मुंबई-पुण्याकडेच दिसत. म्हणजे खेड्यासाठी रचलेला विनोद प्रथम शहराने पाहिला. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातील कित्येक पाड्यांवर वीजच नव्हती, तेथे टीव्हीची गोष्ट कोठली!

पुढे संच आले. शहादे तालुक्यातील आमच्या गावात पहिला संच एका बागायतदाराच्या घरी आला, असे वडील सांगतात. घरचे आत बसत, गावकरी ओट्यावर आणि आमच्या वाड्यातली माणसे अंगणात, खिडकीसमोर. हाकलत कोणी नसे. ज्याची जागा त्याला ठाऊक होती. हसू मात्र तिन्ही ठिकाणी एकदमच फुटे. वडील हे आजही आनंदाने सांगतात. तो आनंद खोटा ठरवण्याचा मला अधिकार नाही.

तरी मी त्यांना विचारले, पडद्यावरच्या त्या गावात आपला वाडा कोठे होता? त्यांना शेत आठवले, बांध आठवला, नवरा-बायकोची भांडणे आठवली. वाडा आठवला नाही. सालदारही आठवला नाही. आणि ज्या साली मुंबईचे केंद्र सुरू झाले, त्याच १९७२ साली शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्यामागे आदिवासी सालदार व शेतमजूर जमिनीसाठी, मजुरीसाठी उभे राहिले होते! बांधावरची खरी बातचीत तेव्हा हीच होती.

या विनोदाचे कूळही पाहावे. राजा मयेकर शाहीर साबळे यांच्या लोकनाट्यांतून पुढे आलेले. लोकनाट्याचा सोंगाड्या आला तमाशातून, आणि तमाशा पिढ्यान्‌पिढ्या जगवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी. म्हणजे अंगणात बसलेल्यांच्याच घरचा विनोद पांढरपेशा होऊन, जात गाळून, खिडकीतून त्यांच्याकडे परत आला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने हाच सोंगाड्या वेगळ्या कामाला लावला होता. तेथे तो अस्पृश्यतेवर बोलत असे आणि हसवतही असे. जातीचे नाव घेतले की हसू मरते, हे म्हणणे त्या जलशांनी तेव्हाच खोटे पाडले होते.

नवापूर-नंदुरबारकडे आदिवासी सोंगाड्या पार्ट्या आजही आपल्या बोलीत रात्रभर खेळ करतात. माझे दोन विद्यार्थी अशा एका पार्टीत आहेत. त्यांच्याकडून मी संवाद ऐकून वहीत उतरवून घेत आहे. मावचीतले काही शब्द देवनागरीत बसत नाहीत, त्यावर सध्या आमची भांडणे चालली आहेत.