चिमूरचा उठाव आणि न झालेली चौकशी

१९४२ च्या ऑगस्ट महिन्यात मध्यप्रांत-वऱ्हाडात जे उद्रेक झाले, त्यांत चांदा जिल्ह्यातील चिमूरचे स्थान वेगळे आहे. आष्टी, तुमसर इत्यादी ठिकाणीही गोळीबार झाले. परंतु उठावानंतर जे घडले त्यामुळे चिमूरचे नाव देशभर गेले.

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी वातावरण आधीच भारलेले होते. मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा ठार झाला. संतापलेल्या जमावाने सरकारी बंगल्यास आग लावली. उपविभागीय अधिकारी डुंगाजी व नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह काही सरकारी माणसे त्या दिवशी मारली गेली. ही गोष्ट झाकण्यात काही अर्थ नाही. हुतात्म्यांच्या गौरवग्रंथांत ती बहुधा ओझरती येते.

तीन दिवसांनी लष्कर आले. गावातील पुरुषांची सरसकट धरपकड झाली आणि घरांत उरल्या त्या स्त्रिया व मुले. लूट आणि स्त्रियांवरील अत्याचार यांच्या तक्रारी याच दिवसांतील होत. डॉ. बा. शि. मुंजे आणि अनसूयाबाई काळे यांच्यासारख्या, परस्परविरोधी राजकारणातील व्यक्तींनी गावात जाऊन स्त्रियांच्या हकिकती ऐकल्या, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. सरकारने मात्र आरोप नाकारले व चौकशीची मागणी फेटाळली.

येथून या प्रकरणास निराळे वळण मिळते. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी दिल्लीस जाऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद लोकनायक बापूजी अणे यांना भेटले. अणे स्वतः वऱ्हाडचे. त्यांनी चिमूरला जावे एवढीच भणसाळींची विनंती होती. ती मान्य झाली नाही. भणसाळींना सेवाग्रामला परत पाठवण्यात आले. तेथून ते पायी चिमूरकडे निघाले, त्यांना पुन्हा माघारी आणले गेले, आणि ११ नोव्हेंबरपासून त्यांनी उपोषण आरंभिले. उपोषणाच्या बातम्यांवर बंदी येताच वाद चिमूरपुरता उरला नाही. ६ जानेवारी १९४३ रोजी निषेध म्हणून अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेवले. कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने १२ जानेवारीस, ६३ व्या दिवशी उपोषण सुटले. बातम्यांवरील बंदी उठली, परंतु स्वतंत्र चौकशी झाली नाही.

दूरच्या कोरियातील जेजू बेटाचा इतिहास येथे तुलनेस उपयोगी पडतो. १ मार्च १९४७ रोजी तेथेही पोलिसांच्या गोळीबारात सहा माणसे मेली. ३ एप्रिल १९४८ रोजी सशस्त्र डाव्या बंडखोरांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. नोव्हेंबरात लष्करी कायदा पुकारून डोंगराळ भागातील गावे जाळण्यात आली. मृतांचा अंदाज २५,००० ते ३०,००० असा, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येच्या सुमारे दशांश इतका केला जातो. संहाराच्या प्रमाणात चिमूरची जेजूशी तुलना होणार नाही. साम्य आहे ते उठावातील हिंसेचे निमित्त करून साऱ्या वस्तीस दोषी धरण्यात, आणि पुढे त्याविषयी बोलण्यास मनाई करण्यात. ह्यॉन की-याँग या कथाकाराने १९७८ मध्ये या विषयावर लिहिले, तेव्हा त्यास अटक व छळ सोसावा लागला.

तथापि शेवट निराळे झाले. जेजूचे मौन सुमारे अर्धे शतक टिकले; पण २००० मध्ये खास कायदा झाला, शासकीय अहवाल निघाला आणि ३१ ऑक्टोबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यॉन यांनी माफी मागितली. चिमूरचे मौन पाच महिन्यांत फुटले. चिमूर-आष्टीच्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षाही, मोठ्या लोकचळवळीनंतर, १९४५ मध्ये कमी करण्यात आल्या. खटले चालले ते उठाव करणाऱ्यांवर. ज्या स्त्रियांनी मुंजे व अनसूयाबाईंसमोर आपली हकिकत सांगितली, त्यांची साक्ष ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कोणत्याही निष्पक्ष मंडळापुढे झाली नाही.