१७५५ चा सागरी तह : एक पुनर्विचार

मराठी आरमाराच्या ऱ्हासाचा प्रश्न निघाला म्हणजे १७५६ सालच्या विजयदुर्गाच्या पाडावाकडे बोट दाखविले जाते; आणि बाळाजी बाजीराव पेशव्यांनी परक्यांच्या हातून आपलेच आरमार बुडविले, असा निर्णय देऊन विवेचन संपविले जाते. तथापि हा निर्णय देण्यापूर्वी ज्या तहातून ही घटना उद्भवली त्याचे स्वरूप तपासणे अवश्य आहे.

कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तल्यावर त्या घराण्यात भाऊबंदकी माजली. पुढे कुलाब्यास मानाजी व विजयदुर्गास तुळाजी अशी सत्ता विभागली गेली. तुळाजी पेशव्यांस जुमानीत नसे. त्याचे दस्तक न घेणारी जहाजे तो धरी, म्हणून मुंबईकर इंग्रज त्यास चाचा म्हणत. वस्तुतः परवान्यावाचून फिरणारे जहाज पकडण्याची रीत या समुद्रात पोर्तुगीजांनी पूर्वीच रूढ केली होती.

मार्च १७५५ मध्ये पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव व मुंबईचा गव्हर्नर बूर्शिए यांच्यात तह झाला. शत्रू एक असला तरी हेतू भिन्न होते. पेशव्यांस अवज्ञा करणारा सरदार नमवावयाचा होता; इंग्रजांस समुद्रावर दुसऱ्या कोणाचे दस्तकच नको होते. असे असताना समुद्रावरील मोहिमेचे नेतृत्व इंग्रजांकडे सोपविले गेले. तहाचे मर्म येथेच आहे.

एप्रिलमध्ये जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. मराठी फौज जमिनीवरून वेढा घालून असता इंग्रजांच्या माऱ्याने बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळाले. सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला सोडविण्यास ऑक्टोबर १७५६ मध्ये निराळा तह करावा लागला व बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

तथापि मराठी आरमार तेथेच संपले, हे म्हणणे टिकत नाही. विजयदुर्गासच पेशव्यांनी आपले आरमार उभारले आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले. तेव्हा पेशव्यांचा दोष बंडखोर सरदारास शासन करण्यात नव्हता. मित्राच्या हाती समुद्र सोपविताना त्याचा हेतू न ओळखण्यात होता. संयुक्त सागरी सुरक्षेच्या कोणत्याही कराराची परीक्षा करताना जहाजांच्या संख्येपेक्षा हुकूम कोणाचा चालतो, हाच प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.