मनाच्या डॉक्टरचं लायसन कोण देतं?

दिवाळीत भाची जानेफळला आली होती. मानसशास्त्रात एम.ए. झालीय, मार्कंही चांगले. ओसरीवर बसून मला म्हणाली, "मामा, डिग्री झाली, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही. लायसन लागते म्हणे. ते काहून?"

मी इतिहासाचा मास्तर. कोणी 'काहून' विचारलं की मला मागं जावंच लागतं. पोस्ट लांब आहे, पण कामाची आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. तो एम.बी.बी.एस. करून पुढं शिकलेला डॉक्टर असतो आणि गोळ्या देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, माणसाला आणि घरच्यांना पुन्हा उभं करतो. समुपदेशक हा शब्द तर कोणीही लावतो. आपल्याकडं तिघांनाही 'मनाचा डॉक्टर' म्हणतात आणि गडबड तिथंच सुरू होते.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. इंग्रजांच्या काळात अशा ठिकाणांचा मुख्य हेतू माणूस बंद ठेवणं हा होता. १९१२ च्या कायद्याचं नावच 'ल्युनसी अॅक्ट', म्हणजे वेड्यांचा कायदा. त्यात सायकॉलॉजिस्टला जागा कुठून असणार?

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. तीच पुढं निमहान्स झाली. दवाखान्यात काम करणारे सायकॉलॉजिस्ट तयार करण्याचं रीतसर शिक्षण तिथं १९५५ पासून सुरू झालं. १९६२ मध्ये रांचीत दुसरा अभ्यासक्रम आला. १९६८ साली या लोकांनी आपली देशपातळीवरची संघटना उभारली. माणसं होती, शिक्षण होतं, संघटना होती. नव्हता तो कायदा.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, पण त्यात लायसनची गोष्ट होती ती मनोरुग्णालयांसाठी. सायकॉलॉजिस्टला कायद्यात जागा मिळाली १९९२ साली, आणि तीही भलत्याच दारानं. अपंगांच्या पुनर्वसनासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. त्यात नोंदणी करायच्या व्यावसायिकांची यादी आहे. श्रवणयंत्र आणि कानाचे साचे बनवणाऱ्या तंत्रज्ञांच्या शेजारी, त्याच यादीत 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे दोन शब्द आहेत. भाचीच्या 'काहून'चं उत्तर ते दोन शब्द.

म्हणून आजही ही नोंदणी आरोग्य खात्याकडं नाही, सामाजिक न्याय खात्याच्या परिषदेकडं आहे. एम.ए. झाल्यावर परिषदेनं मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल., तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम, मग नोंदणी क्रमांक. ही वाट रूढ झाली. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार! म्हणजे एकदोन बैठकांची फी.

आता घरची गोष्ट सांगतो. १९९४ साली माझ्या चुलतभावाला झोप येईना, कानात आवाज येऊ लागले. काकांनी त्याला आधी सैलानीला नेलं. आपल्या जिल्ह्यातला हा दर्गा, होळीची यात्रा, दूरदूरून आणलेली आजारी माणसं, हे तुम्हाला सांगायला नको. काकांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्याजवळ दुसरा पत्ताच नव्हता. सहा महिन्यांनी एका सरकारी डॉक्टरपर्यंत पोचलो. गोळ्यांनी आवाज थांबले.

पण ज्या गावानं 'येडा' म्हटलं, त्याच गावात पुन्हा कसं उभं राहायचं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. ते काम सायकॉलॉजिस्टचं. म्हणून १९९६ मध्ये शहरातल्या एका पाटीवाल्याकडं नेलं. पाटीवर 'मनोतज्ज्ञ' होतं. त्यानं तीन बैठकांचे पैसे घेतले आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. पावसाळा संपायच्या आत भाऊ पुन्हा आजारी पडला. दोन वर्षं गेली. तोवर नोंदणीचा कायदा होऊन चार वर्षं झाली होती, पण नंबर विचारायचा असतो हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली. साखळीनं बांधलेली २८ मनोरुग्ण माणसं जळून मेली. देश हादरला. पण नवा मानसिक आरोग्य कायदा व्हायला २०१७ उजाडलं आणि तो लागू झाला मे २०१८ मध्ये. त्यानं साखळीला बंदी घातली आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही केली. ती व्याख्या पुन्हा पुनर्वास परिषदेच्याच मान्यतेवर टेकलेली. बाकीच्या सायकॉलॉजिस्टांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं वेगळ्या यादीत घेतलं. मधेच एम.फिल. ही पदवीच मोडीत निघाली. या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. पोरांनी कोणती वाट धरायची?

मी भाचीला म्हणालो, "लायसन पाहिजेच. आपल्या घरानं ते नसल्याची किंमत मोजलीय." ती म्हणाली, "मामा, लायसनला मी नाही म्हणतच नाही. पण त्या जागा किती, आन् जानेफळच्या पोरीनं दोन वर्षं शहरात राहायचं कशाच्या भरवशावर?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी पंतप्रधानांनी पॅकेज दिलं, त्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता. आपल्या दुःखाची नोंद दिल्लीत आहे. ते दुःख ऐकून घेणारं, शिकलेलं, नोंदणी असलेलं माणूस तालुक्याला तरी कधी मिळणार? नियम कडक ठेवा, पण त्या नियमापर्यंत पोचायचा रस्ताही बांधा. जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षण द्या, प्रशिक्षणात विद्यावेतन द्या, ग्रामीण रुग्णालयात पद काढा.

आपण आज एवढं करू शकतो: पाटी पाहिली की नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका. गोळ्या बंद करायच्या का, हे त्या देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

भाऊ आज बरा आहे. यंदाची सोयाबीन त्यानंच काढली.

तुमच्या तालुक्यात नोंदणी असलेला सायकॉलॉजिस्ट आहे का? खाली लिहा.