वाणी जयराम : एक आवाज, अनेक इतिहास

वाङ्मयेतिहास भाषावार लिहिला जातो, ही गोष्ट आम्हां साहित्याच्या अध्यापकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या मर्यादांचा विचार सहसा होत नाही. चित्रपटगीतांच्या इतिहासाचेही तसेच झाले आहे. मग जी गायिका अनेक भाषांत गायली तिचा इतिहास कोणत्या भाषेने लिहावा? वाणी जयराम (१९४५–२०२३) यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

वेल्लोरच्या तमिळ कुटुंबात जन्मलेल्या वाणीबाईंचे मूळ नाव कलैवाणी. कर्नाटक संगीताची तालीम त्यांना बालपणापासूनच मिळाली होती. स्टेट बँकेतील नोकरी आणि विवाह यांच्यामागोमाग त्या मुंबईत आल्या आणि पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे हिंदुस्थानी संगीत शिकू लागल्या. हा आवाज पारखला तो वसंत देसाई यांनी. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी त्यांनी कुमार गंधर्वांबरोबर वाणीबाईंना गायला लावले. एका तमिळभाषक गायिकेच्या वाटचालीच्या प्रारंभी मराठी नाट्यगीत असावे, याचे महत्त्व आपल्या समीक्षेने पुरेसे ओळखले आहे असे आम्हांस वाटत नाही.

पुढे १९७१ मध्ये ‘गुड्डी’ आला. देसाईंनी मियाँमल्हारात बांधलेल्या ‘बोले रे पपीहरा’ने वाणीबाईंचे नाव देशभर पोहोचवले. तरीही हिंदीत त्यांना अपेक्षेइतकी गाणी मिळाली नाहीत आणि सत्तरच्या दशकातच त्यांनी मद्रासला मुक्काम हलवला. येथे रूढ कथन असे की, मुंबईने संधी नाकारलेली एक गायिका दक्षिणेत स्थिरावली. हे कथन हिंदीला केंद्र मानते आणि इतर भाषांना आश्रयस्थान ठरवते. वस्तुस्थिती पाहावी. वाणीबाईंना उत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार तीनदा मिळाला: एकदा तमिळ ‘अपूर्व रागंगळ’साठी, दोनदा तेलुगू ‘शंकराभरणम्’ व ‘स्वाती किरणम्’साठी. यांत हिंदी चित्रपट एकही नाही. गुलजारांच्या ‘मीरा’तील (१९७९) भजने पंडित रविशंकरांनी त्यांच्याकडून गाऊन घेतली, हेही खरे, पण तोवर दक्षिणेत त्यांचे स्थान पक्के झालेले होते.

अनेक भाषांत गाणे म्हणजे नेमके काय, याचाही विचार व्हायला हवा. तमिळ लिपीत ‘क, ख, ग, घ’ यांना एकच अक्षर आहे. मराठीत महाप्राण आणि घोष यांच्या भेदाने शब्दाचा अर्थ पालटतो. उलट तमिळमधला ‘ழ’ हा ध्वनी लिहायला आपल्या वर्णमालेत अक्षर नाही. गायिकेला हे सारे भेद स्वराला धक्का न लावता उच्चारावे लागतात. ‘स्वप्नम्’ (१९७३) या मल्याळम चित्रपटात बंगाली सलील चौधरींच्या चालीवर तमिळ वाणीबाई मल्याळम शब्द गातात. हे गीत कोणत्या भाषेच्या खात्यावर मांडायचे? शब्द मल्याळम आहेत म्हणून ते मल्याळमचे, हे उत्तर बरोबर आहे. पण अपुरे आहे.

जानेवारी २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. तो स्वीकारण्यापूर्वीच, ४ फेब्रुवारी रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. ‘शंकराभरणम्’चे दिग्दर्शक के. विश्वनाथ दोनच दिवस आधी गेले होते. मराठी रसिकाने त्या दिवशी प्रामुख्याने ‘ऋणानुबंधाच्या’ आठवले असेल, तर तेलुगू रसिकाने ‘शंकराभरणम्’. दोघांचीही स्मृती खरी आहे. मात्र एकाला दुसऱ्याच्या स्मृतीची वार्ता नाही. वाणीबाईंचा इतिहास लिहायचा तर तो या दोन स्मृतींना परस्परांची ओळख करून देणारा असावा लागेल. भारतीय साहित्याच्या इतिहासाकडूनही आमची अपेक्षा याहून वेगळी नाही.